अल्माझबाईंचा सोमवार

माणूस भेटला की "कसं काय, बरं आहे ना?" असं विचारायची जगाची रीत आहे. अल्माझबाई ते विचारत नसत. त्या विचारत, "सोमवारी काय करणार?" नोकरी गेलेली बाई असो, नवऱ्याशी भांडून आलेली असो, नाहीतर नुसती बस चुकलेली असो, सगळ्यांना हाच प्रश्न. विचारून समोर उभ्या राहायच्या आणि उत्तर आल्याशिवाय हलायच्या नाहीत. मी बावन्न वर्षं पिठाची गिरण चालवली. गिऱ्हाईक कितीही वाकडं असलं तरी माझी बोलती कधी बंद झाली नाही. या बाईपुढं झाली.

मी मिरजेकडच्या एका गावचा. चौथीतनं शाळा सुटली ती सुटलीच. बायको गेल्यावर मुलानं मला कोलोनला नेलं. मी जाणार नव्हतो. गेलो तो माझ्या अटीवर गेलो. बॅगेत माझी हातोडी आणि छिन्नी घेतली. गिरणीचा दगड दळून दळून गुळगुळीत झाला की त्याला ठोकून पुन्हा खरबरीत करावं लागतं, त्याला आमच्यात टाकी लावणं म्हणतात. त्याची ही हत्यारं माझ्या वडलांची.

"बाबा, जर्मनीत छिन्नी कशाला?" मुलगा म्हणाला.

"मग मी तरी कशाला?" मी म्हटलं. तेव्हा बॅगेचं वजन त्यानं स्वतःच्या बॅगेत वळतं केलं.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर, अल्माझबाई दुसऱ्या. त्या इथिओपियाच्या. बारा वर्षं लोकांची ऑफिसं झाडून पुसून काढत होत्या. पण मला त्यांची ओळख माणसाआधी वासानं झाली. जिन्यात एक कागद लागला होता. हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा माणूस, त्यानं लावलेला. माझी सून मृणाल तिथल्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे, तिनं वाचून दाखवला. "दुसऱ्या मजल्यावरून आंबट वास येतो, तो बंद व्हावा, असं लिहिलंय बाबा."

मी जिन्यात उभा राहून वास घेतला आणि म्हटलं, "पीठ आहे. तीन दिवसांचं आंबवलेलं. बिघडलेलं नाही. उद्या सकाळी घातलं तर झकास जाळी पडेल."

"अहो बाबा, पण ते आपलं घर नाही."

"पीठ आपलंच आहे," मी म्हटलं आणि वाटीत लसणाची चटणी घेऊन खाली गेलो.

दार उघडलं. उंच, काटकुळी बाई. पन्नाशीच्या आतबाहेरची. कपाळावर हिरवट क्रूस गोंदलेला, आपल्याकडच्या जुन्या बायका तुळस गोंदायच्या तसा. खांद्यावर पांढरी सुती ओढणी, गळ्यात दोरीला किल्ल्यांचा जुडगा. तिनं वाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि आत जाऊन एक भलीमोठी मऊ चकती आणली. वरून सगळी जाळीच जाळी. मी तुकडा चटणीला लावून खाल्ला.

"आंबोळी," मी म्हटलं.

"इंजेरा," ती म्हणाली.

"आंबोळी."

"इंजेरा."

हा वाद पुढं तीन वर्षं चालला. त्यांचं धान्य टेफ नावाचं, राजगिऱ्याहून बारीक, खसखशीएवढं. बाकी सगळी करणी आंबोळीचीच. मी कशाला माघार घेऊ.

त्या कागदाचं पुढं काय झालं ते ऐका. बाईंनी दुसऱ्या दिवशी पांढरा सणाचा झगा घातला आणि इमारतीतल्या आठही घरांत एकेक ताट नेऊन दिलं. प्रत्येक दारात एकच वाक्य. "वास येतो तो याचा. आधी खा, मग तक्रार करा." दोघांनी तक्रार केलीच. पण हाउसमाइस्टर स्वतः तवा तापायच्या वेळी बाईंच्या दाराशी रेंगाळायला लागला आणि कागद कधी निघाला ते कुणाला कळलं नाही.

हा पांढरा झगा त्यांचं हत्यार होतं. कुठल्याही सरकारी ऑफिसात जायचं झालं की त्या लग्नाला निघाल्यासारख्या नटायच्या. इतर बायकांनाही तेच सांगायच्या. "मागायला गेल्यासारखं जायचं नाही. आमंत्रण द्यायला गेल्यासारखं जायचं. समोरचा माणूस खुर्चीतनं उठला पाहिजे." मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. तो माणूस खरंच उठला. का उठला ते त्यालाही कळलं नसावं.

आमचं बोलणं कसं चालायचं म्हणाल, तर मी मराठीत, त्या सावकाश जर्मनमध्ये, आणि मधे मृणाल. मला त्या अबाबा म्हणायच्या. त्यांच्याकडं म्हाताऱ्या माणसाला तसं म्हणतात. वर्षभरानं कामापुरतं जर्मन माझ्या कानात बसलं. तोंडात मात्र गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, आणि आल्झो, म्हणजे तर मग, एवढंच बसलं. पण योग्य जागी गेनाऊ म्हटलं की जर्मनीत माणूस शहाणा दिसतो.

शनिवारी दुपारी त्यांच्या घरी बायका जमायच्या. सगळ्या आफ्रिकेच्या, पण एका गावच्या नाहीत. कुणी घानाची, कुणी कामेरूनची, कुणी केनियाची. आपसांतही जर्मनच बोलायच्या. कुणाला शिवणाचं दुकान काढायचं होतं, कुणाला डबे द्यायचे होते, कुणाचं दुकान होतं पण ते वाढत नव्हतं. मी आणि मृणाल दाराजवळ बसायचो. पुरुष मी एकटा. खायला येतो म्हणून मला चालवून घेतलं होतं.

अल्माझबाई जमिनीवर गवत पसरून त्यावर बसायच्या आणि समोर कच्च्या कॉफीच्या बिया भाजायच्या. त्यांच्या देशात कॉफी तीनदा देतात. तीच भुकटी, त्यातच पुन्हा पाणी, तीन फेऱ्या. तिसऱ्या फेरीआधी उठणं म्हणजे घरच्या माणसाचा अपमान. या रीतीला बाईंनी धंद्याला जुंपलं होतं. पहिल्या कपाला ज्या बाईची पाळी असेल तिनं सांगायचं, काय करायचं मनात आहे. दुसऱ्या कपाला सांगायचं, भीती कशाची वाटते. तिसरा कप हातात आला की बाई विचारायच्या, "सोमवारी काय करणार?"

आणि उत्तर नेमकं लागायचं. "प्रयत्न करीन" म्हटलं की कप परत. "कुणाशी तरी बोलून बघते" म्हटलं की कप परत. "सोमवारी दहा वाजता अमक्या ऑफिसात फोन करून टेर्मीन घेते," म्हणजे भेटीची वेळ ठरवून घेते, असं आलं की मग कॉफी.

कॉफीची काळी मातीची सुरई कुठं ठेवायच्या, तर एका जाडजूड फायलीवर. मला वाटलं चटका लागू नये म्हणून ठेवली असेल. एकदा नवीन आलेली एक बाई रडायला लागली. तिच्या अर्जाला नकार आला होता. अल्माझबाईंनी सुरई उचलली, खालची फाइल तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "वाच." सगळी नकाराचीच पत्रं. दुकानाची जागा नाही, मशीनला कर्ज नाही, बाजारात कोपरा नाही, तुमचा पदार्थ इथं कुणाला माहीत नाही. सगळी नीट भोकं पाडून, तारखेप्रमाणं लावलेली.

"हे तुम्ही ठेवून का दिलंत?" ती बाई डोळे पुसत म्हणाली.

"सुरई डगमगत होती," अल्माझबाई म्हणाल्या.

अजोआ नावाची एक घानाची बाई होती. दणकट, हसरी, केसांच्या बारीक वेण्या घालण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आठ वर्षं लोकांच्या घरी जाऊन वेण्या घालायची. स्वतःचं दुकान टाकायचं म्हटलं की मात्र तिचं हसू जायचं. धंदा नोंदवायचा फोर्मुलार, म्हणजे सरकारी कागद, तिच्या पर्समध्ये इतके दिवस पडून होता की घड्यांवर फाटायला आला होता. अल्माझबाईंनी काय करावं? इस्त्री तापवली आणि कागदाला इस्त्री केली. मग टेबलावर ठेवून म्हणाल्या, "लिही."

अजोआनं पर्समधनं पेन्सिल काढली. धंद्याचं नाव जिथं लिहायचं तिथं एवढंसं नाव लिहिलं, मुंगीएवढं. अल्माझबाईंनी खोडरबरनं ते पुसलं आणि पेन पुढं केलं.

"चुकलं तर?" अजोआ म्हणाली.

"चुकलं तर दुसरा कागद मिळतो. पेन्सिलनं लिहिलेल्या दुकानाला गिऱ्हाईक मिळत नाही."

अजोआनं पेननं लिहिलं. मोठ्या अक्षरात. चौकटीच्या बाहेर गेलं. आज तिच्या दुकानात तीन खुर्च्या आहेत आणि तो इस्त्री केलेला कागद काचेत लावलाय. मला म्हणायची, "अबाबा, तुमच्या केसांच्या वेण्या घालू का?" माझ्या डोक्यावर केस किती ते मी इथं लिहीत नाही.

या शनिवारच्या बायकांत कोपऱ्यात सेलाम नावाची एक बाई बसायची. तीही इथिओपियाची, तिशीची. ब्राउनश्वाइगहून आगगाडीनं यायची, तिथं युनिव्हर्सिटीचे हॉल साफ करायची. इतक्या लांबनं यायची आणि बोलायची काही नाही. तिची पाळी आली की म्हणायची, "पुढच्या वेळी." अल्माझबाई तिला काही म्हणायच्या नाहीत. फक्त तिसरा कप तिच्यासमोर तसाच ठेवायच्या, गार होईपर्यंत.

आता गिरणीची गोष्ट.

शहराच्या एका झाकलेल्या मंडईत अल्माझबाईंना शेवटी एक कोपरा मिळाला. मागं एक छोटी खोलीही होती. अट अशी की तीन महिने बघू. मंडईचे मॅनेजर हेर वोल्टर, हेर म्हणजे आपलं श्रीयुत, चष्मा नाकाच्या टोकावर असलेला कडक माणूस. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, खाण्यापिण्याची एक जरी तक्रार फायलीत आली तरी तीन महिन्यांनंतर कोपरा दुसऱ्याला. रांगेत बरेच जण होते. बाईंनी ऑफिसं झाडायची नोकरी सोडली. मागं जायचा रस्ता स्वतःच बंद करून घेतला. जमलं तर स्वतःच्या नावाचा बोर्ड, नाहीतर पुन्हा झाडू.

पहिला महिना बरा गेला. पण बाईंचं तोंड काही खुलत नव्हतं. एक दिवस मी त्यांच्या पोत्यातलं विकतचं पीठ चिमटीत घेतलं, चोळलं, वास घेतला. "हे पीठ जळलंय. घाईनं दळलंय, दगड तापलेत. याला जाळी कशी धरायची?"

मृणालनं ते जर्मनमध्ये सांगितलं तसं बाईंनी माझ्याकडं असं बघितलं, जणू कुणीतरी त्यांच्या मनातलं चोरलंय. "मला स्वतःची गिरण पाहिजे," त्या म्हणाल्या.

एक जुनी बेकरी बंद होत होती, तिथली दगडी गिरण त्यांनी आणली. मागच्या खोलीत बसवली. मी हात फिरवला. दगड गुळगुळीत, पाट्यावर आजीनं चाळीस वर्षं वाटण वाटल्यासारखा. टाकी लावणारा जर्मन कारागीर होता, पण लांबच्या गावचा, आणि त्याचा टेर्मीन चार महिन्यांनी. तोवर तीन महिने संपणार होते.

त्या दिवशी मी त्यांच्याकडं कुरकुर करायलाच गेलो होतो. इथं माझं काही काम नाही, कुणाला माझी गरज नाही, मी आपला परत गावी जातो, असं मृणालला भाषांतर करायला लावत होतो. अल्माझबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी तो प्रश्न मला विचारला.

"अबाबा, सोमवारी काय करणार?"

 त्या उभ्याच.   मग मी म्हटलं, "तुमच्या दगडाला टाकी लावणार."

सोमवारी मी वडलांची छिन्नी त्या जर्मन दगडाला लावली. सकाळी बसलो तो चारला उठलो. एकेक रेघ मधून कडेला, कडेला उथळ, मधे खोल. बाई शेजारी बसून हातांकडं बघत होत्या. टाकी झाली की दगडात चुरा राहतो. तो निघावा म्हणून आधी काहीतरी दळून टाकून द्यायचं असतं. मी दोन बादल्या तांदूळ दळले आणि टाकून दिले.

"बस्?" बाईंनी विचारलं.

"बस्. बावन्न वर्षं करतोय," मी म्हटलं.

माझं चुकलं ते इथं. आमच्या गिरणीत ज्वारी-गहू. दाणा मोठा, दगड जरा लांब ठेवूनच दळायचं. टेफला दगड पार जवळ आणावे लागतात, एकमेकांना टेकतील न टेकतील इतके. दगड जवळ आले की खाली दबलेला चुरा वर येतो. दोन बादल्यांनी तो निघत नाही. हे मला समजायला हवं होतं. समजलं नाही, कारण मी विचारच केला नाही. मला सगळं येतं असं मी आधीच सांगून बसलो होतो.

मंगळवारी दळलं. भिजवलं. तीन दिवस आंबलं. शुक्रवारी सकाळी तवा तापला. अशी जाळी मी जन्मात बघितली नाही.

अल्माझबाईंचा एक नेम होता. पहिला इंजेरा त्या स्वतः चावायच्या. डोळे मिटून, सावकाश, आणि मगच काउंटरवर माल जायचा. पण त्यांच्या धर्मात बुधवार-शुक्रवार उपास, दुपारी तीनपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. उपास म्हटल्यावर मी तर काय बोलणार. आमच्या गिरणीत उपासाच्या पिठाला मी दगड वेगळा पुसून घ्यायचो. त्यांनी माझ्याकडं बघितलं, तुम्ही चाखून सांगा म्हणून. मी एक तुकडा पातळ डाळीत बुडवून खाल्ला आणि "फक्कड" म्हणून मान हलवली. त्या दिवशी माझी कवळी घरी राहिली होती. चावायचा प्रश्नच नव्हता. मी गिळलं होतं.

सकाळभर माल गेला. रांग लागली. सेलाम त्या दिवशी मदतीला आली होती, तीसुद्धा हसत होती.

तीन वाजता बाईंनी हात धुतले, तुकडा तोंडात घातला, आणि त्यांचा जबडा थांबला. बोटाच्या टोकावर काहीतरी काढून त्यांनी उजेडाकडं धरलं. मीठ असावं एवढं. पण मीठ नव्हतं.

"डाळीतला खडा असेल," मी म्हटलं.

त्यांनी डाळ न लावता दुसरा तुकडा घेतला. पुन्हा कचकच. मग त्यांनी टोपलीवर झाकण ठेवलं.

सेलाम हळूच म्हणाली, "कुणी परत आलेलं नाही. उरलेलं टाकून देऊ. कुणाला कळणार नाही." आणि खरं सांगतो, मीही तेच म्हटलं. कोपरा जाईल याची भीती त्यांच्यापेक्षा मला जास्त वाटत होती.

अल्माझबाईंनी मागच्या खोलीत जाऊन पांढरा झगा घातला. तेवढ्यात मृणाल ऑफिसातनं मला न्यायला आली होती. बाई थेट हेर वोल्टरच्या खोलीत, मागनं आम्ही तिघं.

"हेर वोल्टर, माझ्या गिरणीतून आज वाळू गेली. सकाळपासनं विकलेल्या सगळ्या मालात."

त्यांनी चष्मा काढला. "कुणी तक्रार केलीय?"

"अजून नाही. म्हणून तर आत्ता आले."

"मला हे फायलीत लिहावं लागेल, फ्राऊ अल्माझ. तुम्हाला माहीत आहे ना त्याचा अर्थ?"

"लिहा," बाई म्हणाल्या. "वेळपण लिहा. गिऱ्हाइकाच्या आधी मी आले, हेही लिहा."

त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. पण गळ्यातल्या किल्ल्या त्यांनी मुठीत इतक्या घट्ट धरल्या होत्या की नंतर तळहातावर वळ होता. मी बघितला.

शनिवारी विकायला काहीच नव्हतं. मला वाटलं कोपरा बंद ठेवतील. बाई सकाळी आठला काउंटरच्या मागं उभ्या. समोर मोठ्या अक्षरात पाटी, पेननं लिहिलेली. "कालच्या इंजेऱ्यात दगडाचा चुरा होता. खाऊ नका. चूक आमची. पुढच्या शनिवारी या, तुमचं तुम्हाला मिळेल." येईल त्याची माफी मागत होत्या, नाव लिहून घेत होत्या. सेलामनं विचारलं, "घरी बसला असतात तर?"

"विकायला असतं तेव्हा कुणीही उभं राहतं," बाई म्हणाल्या. "नसतं तेव्हा उभं राहिलं की दुकान आपलं होतं."

मी लांब एका बाकावर बसून बघत होतो. जवळ जायचं धाडस नव्हतं.  मृणाल म्हणाली, "बाबा, जाऊन बोला." मी म्हटलं, "काय बोलू? माझ्यामुळं झालं असं?" ती म्हणाली, "हो. असंच."

त्याच दुपारी कॉफी होती. मृणालला काम होतं, मी एकटा गेलो. अल्माझबाईंनी सगळ्या बायकांना घडलेलं सांगितलं, पहिल्यापासनं. "माझी गिरण, माझा दगड, माझी चूक," असंच सांगितलं. माझं नाव कुठंही घेतलं नाही. मला ते ऐकवेना. मी उभा राहिलो आणि म्हटलं, "चूक माझी आहे. टाकी मी लावली. पुरेसं दळलं नाही आणि घमेंडीत बस् म्हटलं. बाईंचा काही दोष नाही."

सगळं मराठीत. एकीलाही अक्षर कळलं नाही. अजोआनं विचारलं, "काय म्हणतायत ते?"

अल्माझबाई माझ्याकडं बघत कॉफी ओतत होत्या. तिसरा कप होता. "म्हणतायत," त्या म्हणाल्या, "सोमवारी परत टाकी लावणार."

एवढं जर्मन मला तोवर कळायला लागलं होतं. मी म्हटलं, "गेनाऊ." आणि त्यांनी कप माझ्या हातात दिला.

सोमवारी टाकी मी लावली, पण अर्धीच. हातोडी मी त्यांच्या हातात दिली. आयुष्यात ती मी सख्ख्या भावालासुद्धा दिली नव्हती. मनगट सैल कसं सोडायचं, छिन्नी किती तिरकी धरायची, सगळं दाखवलं. मग टेफलाच दगड जवळ आणून दळत राहिलो. पीठ बशीत घेऊन पाण्यात ढवळायचं, तळाला काही बसलं की आणखी दळायचं. सात वेळा बशी भरली. आठव्या वेळी तळ स्वच्छ होता, तरी बाईंनी ओलं पीठ जिभेवर ठेवून दातात घोळवलं. मग भिंतीवर नवा नियम लिहिला. बुधवारी आणि शुक्रवारी तवा बंद. ज्या दिवशी आपल्याला चावता येत नाही, त्या दिवशी विकायचं नाही.

पुढच्या शनिवारी नावं लिहून दिलेली माणसं आली. एकटी आली नाहीत, बरोबर कुणाकुणाला घेऊन आली. ती पाटी वाचलेली, पण त्या शुक्रवारी काही न घेतलेली माणसंही आली. वाळूची गोष्ट सांगणाऱ्या बाई कोण, ते बघायला. दुपारी बारालाच टोपल्या रिकाम्या.

तीन महिने भरले त्या दिवशी हेर वोल्टरनी बाईंना बोलावलं. मृणाल सुट्टी काढून बरोबर गेली. त्यांनी फाइल उघडून पुढं केली. आत एकच कागद. तक्रार एक, तक्रार करणारी दुकानाची मालकीण, वेळ तीन वाजून चाळीस मिनिटं.

"मी एवढी वर्षं इथं आहे," हेर वोल्टर म्हणाले. "असा कागद माझ्याकडं दुसरा नाही." मग ते उठले, खुर्चीतनं, आणि त्यांनी बाईंना शेजारचा मोठा कोपरा दाखवला. पाच वर्षांचा करार.

बोर्ड लावायच्या दिवशी मंडईत अशी गर्दी की मला माझ्याच बाकावर जागा मिळाली नाही. बोर्डावर नाव अल्माझ, आणि खाली गिरणीच्या दगडाचं चित्र. अजोआनं सगळ्यांच्या वेण्या घातल्या होत्या. बाईंनी बोर्डाखाली उभं राहून भाषण केलं नाही. नवीन आलेल्या एका बाईला विचारलं, "सोमवारी काय करणार?"

त्याच संध्याकाळच्या कॉफीला सेलामनं तिसरा कप गार होऊ दिला नाही. उचलला आणि म्हणाली, "सोमवारी ब्राउनश्वाइगमध्ये एक जागा बघायला जाणार आहे. गिरणीसाठी." खोलीत एवढा गलका झाला की हाउसमाइस्टर वर आला. त्यालाही कॉफी मिळाली.

तीन वर्षांनी माझं गावी परत यायचं ठरलं. निघायच्या आधीच्या आठवड्यात ब्राउनश्वाइगची गिरण सुरू झाली. मुलानं आणि मृणालनं मला गाडीनं नेलं. दार छोटं, काच मोठी, आत नवाकोरा तवा. मी आधी गिरणीकडं गेलो. सेलामनं वरचा दगड उचलून ठेवला होता, मला दाखवायला. टाकी अल्माझबाईंनी लावली होती, एकट्यांनी. मी बोट फिरवलं. रेघा सरळ, अंतर सारखं, कडेला उथळ, मधे खोल. माझ्यापेक्षा चांगली होती. हे मी तिथं कुणाला सांगितलं नाही. इथं लिहितोय.

दळलं, बशीत ढवळलं, तीन दिवसांपूर्वीचं आंबवलेलं पीठ तव्यावर पडलं. पहिला इंजेरा निघाला. सगळे अल्माझबाईंकडं बघायला लागले, कारण पहिला घास त्यांचा. त्यांनी तुकडा तोडला आणि सेलामच्या हातात दिला.

"तू चाव. गिरण तुझी आहे."

सेलामनं डोळे मिटले. सावकाश चावलं. दुकान भरलेलं होतं. मग तिनं डोळे उघडले आणि मान हलवली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

रांगेत पुण्याच्या दोन मुली होत्या, तिथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या. मला मराठी बोलताना ऐकून एकजण म्हणाली, "आजोबा, ही तर सेम आपली आंबोळी आहे ना?"

अल्माझबाई शेजारीच उभ्या होत्या. आंबोळी हा शब्द त्यांना चांगलाच माहीत होता. त्या माझ्याकडं बघायला लागल्या.

"इंजेरा," मी म्हटलं. "याला इंजेरा म्हणतात."

 बाई ओढणीचा पदर तोंडाला लावून दुसरीकडं वळल्या. खांदे हलत होते, हसत होत्या.

निघताना मी हातोडी आणि छिन्नी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली, त्या हिरव्या क्रूसाला. मग मी तो प्रश्न विचारला. जर्मनमध्ये विचारला, आठवडाभर मृणालकडनं घोकून घेतला होता.

"अल्माझबाई, सोमवारी काय करणार?"

त्यांना कधी कुणी हे विचारलं नसावं.  मग म्हणाल्या, "सोमवारी? झोपणार, अबाबा. दुपारपर्यंत."

मुलानं गाडी आणेपर्यंत मी बाहेर फुटपाथवर उभा होतो. काचेतनं आतलं दिसत होतं. सेलाम काउंटरवर, रांग दारापर्यंत. आणि मागं गिरणीपाशी अल्माझबाई, ओढणी कमरेला खोचलेली, भुवयांवर पीठ. त्यांनी गिरणीला कान लावला होता. थोडं ऐकलं. दोन बोटांनी दगड जवळ-लांब करायचं चाक केसभर पिळलं. पुन्हा कान लावला. मग मान हलवली आणि पुढच्या पोत्याचं तोंड सोडायला वाकल्या.